पाइपातला पालक आणि पांढरं रान

माझ्या धाकट्या दिरांनी शिरूरकडच्या कारखान्यातली नोकरी सोडली आणि वरवंडच्या पुढं आमच्या वस्तीवर मातीविना शेती सुरू केली, तेव्हा ती कधी बुडते याची मी पहिल्या दिवसापासून वाट बघत होते. हे लिहिताना मला आता लाज वाटते, पण तेव्हा मुळीच वाटत नव्हती. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. तीन दिवसांचं शिबिर करून आलेल्या माणसानं मला मुळांबद्दल शिकवावं, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं.

भाऊजी शिबिराहून आले ते भाषाच बदलून आले. "वहिनी, माती म्हणजे काय? रोगाचं घर. किडे माती, तण माती, बुरशी माती. जग कुठं गेलंय आन् आपण अजून चिखलात." कारखान्यात ते गाड्यांचे सुटे भाग तपासायचे, सगळ्या जगाकडं ते तसंच, हा भाग पास, हा भाग नापास, असं बघायचे. माती नापास झाली होती.

गोठ्याशेजारी शेडनेटचा मांडव उभा राहिला. आत कमरेइतक्या उंचीवर पांढऱ्या पाइपांच्या ओळी, पाइपांना भोकं, प्रत्येक भोकात जाळीची वाटी आणि वाटीत रोप. मुळं खाली पाइपात लोंबणारी. कोपऱ्यात काळी टाकी, तिच्यात खतं विरघळवलेलं पाणी. पंप ते वर चढवणार, पाणी मुळांना चाटून पुन्हा टाकीत येणार. एवढंच ते तंत्र. पण भाऊजी ते असं सांगायचे, जणू चंद्रावर यान उतरवताहेत.

सगळं उभं करून द्यायला पुण्याचे एक सल्लागार यायचे. त्यांचे बूट इतके चकचकीत, की वस्तीवरची कुत्री त्यांच्याकडं बघून मागं सरायची. त्यांना पालक आणि चाकवत यांतला फरक कळत नव्हता, मी मुद्दाम चाकवताची जुडी पुढं केली तर म्हणाले, "हं, हा स्पिनॅच चांगला आलाय." मी काही बोलले नाही. मूर्ख माणसाची चूक सुधारली की त्याचा फायदा होतो, आणि मला त्यांचा फायदा व्हायला नको होता.

मांडवाच्या दाराशी जांभळ्या औषधी पाण्याची परात ठेवली होती. आत जाणाऱ्यानं वहाणा काढून त्यात पाय बुडवायचे. आमचे सासरे, आबा, जन्मभर त्या रानात राबलेले, त्यांनाही भाऊजींनी अडवलं.

"आबा, पाय."

आबांनी परातीकडं बघितलं, मग लेकाकडं. "माझ्या पायाला काय झालंय?"

"माती लागलीय."

आबा तिथूनच माघारी फिरले. महिनाभर त्यांनी त्या मांडवात पाऊल टाकलं नाही.

आता कुणाला वाटेल की मी आबांच्या बाजूची होते. तसं नव्हतं. आबांच्या शेतीबद्दलही मला फारसा आदर उरलेला नव्हता. आमच्याकडं कालव्याचं पाणी आलं तसा ऊस आला, आणि ऊस आला तसं आबांनी पाणी मोजायचं सोडून दिलं. "पानी मिळतंय तवा सोडायचं न्हाई," हा त्यांचा एकच नियम. वर्षानुवर्षं रान तुंबवून ठेवलं. खालच्या अंगाला तर उन्हाळ्यात मिठासारखा पांढरा थर यायचा. एकदा मी तिथली माती शाळेच्या प्रयोगशाळेत नेऊन तपासली आणि आबांना सांगितलं की, रानात क्षार वाढलेत, पाणी कमी करा, निचऱ्याला चर खणा. आबा म्हणाले, "काळी आई हाय ती. तिला काचंच्या नळीत घालून बघतीस व्हय?" मला त्यांचं हे आई-आई करणं ढोंग वाटायचं. आईला कुणी बारा महिने गळ्याइतक्या पाण्यात उभं करत नाही.

तर असे हे दोघं. एकाला माती घाण वाटायची, दुसऱ्यानं माती मारली होती, आणि मधे मी, दोघांनाही नापास करणारी.

एका रविवारी जेवताना बोलण्यावरून बोलणं वाढलं. भाऊजी म्हणाले, "आबांच्या वाफ्यात एक जुडी निघेपर्यंत माझ्या पाइपात तीन निघतील." आबा म्हणाले, "निघतील की. प्लास्टिकच्या जुड्या." आमचे हे कारखान्याच्या पाळीहून नुकते आलेले, डोळ्यांवर झोप, ते वैतागून म्हणाले, "एकाच पाकिटातलं बी दोघांनी टाका आन् बघा. भांडता कशाला? हिला मोजायला सांगा, ही मास्तरीण हाय."

मी मोजायचं कबूल केलं. खरं सांगायचं तर मला फार आनंद झाला. दोघांनाही कागदावर उघडं पाडायची अशी संधी पुन्हा कुठं मिळणार होती?

पालकाचं एकच पाकीट फोडून अर्धं बी आबांना दिलं, अर्धं भाऊजींना. आबांना त्यातल्या त्यात बऱ्या रानातला वाफा निवडायला सांगितला. मी एक वही केली. रोज सकाळी शाळेला जायच्या आधी दोन्हीकडं फेरी मारायची, दहा-दहा रोपांची उंची घ्यायची, पानं मोजायची, आणि शाळेतल्या थर्मामीटरनं वाफ्याच्या मातीचं आणि टाकीतल्या पाण्याचं तापमान लिहायचं. भाऊजींकडं पाण्याची आम्लता आणि खताचा जोर दाखवणारी यंत्रं होती, ती तापमानही दाखवायची. पण त्यांचं सगळं लक्ष फोनमधल्या अॅपवर, आणि त्या अॅपमध्ये तापमानाचा रकाना त्यांनी कधी उघडलाच नव्हता.

निकाल लागायला फार दिवस लागले नाहीत. आबांच्या वाफ्यात बी टप्प्याटप्प्यानं उगवलं, मधे हाताएवढ्या मोकळ्या जागा राहिल्या. पानांवर नागअळीच्या पांढऱ्या रेघा. आणि पाइपात? प्रत्येक वाटीत रोप, प्रत्येक रोपाची पानं हाताच्या पंजापेक्षा मोठी, एकावरही डाग नाही. आबांचा पालक कापणीला आला तोवर पाइपातला एकदा कापून पुन्हा हात-हात वर आला होता. मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केलं. तुलनाच नव्हती. मला भाऊजींचा पराभव हवा होता, तो झाला नाही. मी ओठ आवळून आकडे लिहिले.

आबा म्हणाले, "वजनाचं सांगू नका. पानी वजनाला जास्तच भरतंय. चवीचं बोला."

हा मुद्दा बरोबर होता, म्हणून मी तोही प्रयोग करायचं ठरवलं. दोन सारख्या पातेल्यांत, सारखं तेल, सारखा लसूण, सारखं मीठ, दोन्ही भाज्या केल्या. दोन सारख्या स्टीलच्या वाट्यांत वाढल्या. कुठली कुठली, ते फक्त मला ठाऊक. ओसरीवर सगळे बसले. भाऊजींनी दोन्ही खाल्ल्या आणि मान हलवत म्हणाले, "मला दोन्ही सारख्याच लागतात." हे त्यांचं आयुष्यातलं पहिलं प्रामाणिक शास्त्रीय विधान असावं.

आबांनी मात्र सावकाश खाल्लं. पहिली वाटी, पाणी, दुसरी वाटी. मग पुन्हा दुसरी. डोळे मिटले. आणि दुसऱ्या वाटीवर बोट ठेवून म्हणाले, "ही माझी. मातीची चव लपती व्हय कुठं? ह्यात जीव हाय. ती पहिली निस्ती ओली हाय."

दुसरी वाटी पाइपातल्या पालकाची होती.

मी गप्प राहू शकले असते. संध्याकाळी एकटं गाठून हळू सांगू शकले असते. मी तिथंच, सगळ्यांसमोर, वर्गात चुकलेलं उत्तर सांगते त्या आवाजात म्हणाले, "आबा, ही पाइपातली. तुमची ती निस्ती ओली."

भाऊजी इतक्या मोठ्यानं हसले की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. आबांच्या हातात घास होता. तो त्यांनी ताटात ठेवला, हात धुतला आणि डोक्याला टॉवेल गुंडाळून रानाकडं निघून गेले. त्या पालकाच्या वाफ्याला त्यांनी पुन्हा पाणी दिलं नाही. वाफा वाळून गेला.

त्यानंतर भाऊजींना धरायची सोय राहिली नाही. वरवंडच्या चहाच्या टपरीपासून पाटसच्या स्टँडपर्यंत त्यांनी ती गोष्ट सांगितली. "माझ्या वडलांनी, साठ वर्षं शेती केलेल्या माणसानं, ओळखलं न्हाई." मोबाईलवर व्हिडिओ केले. कासुर्डीहून, यवतहून लोक मांडव बघायला येऊ लागले. परातीत पाय बुडवून, पाइपांपाशी उभे राहून फोटो काढून घ्यायचे. एक बाई म्हणाल्या, "किती स्वच्छ! ह्याला धुवायचीसुद्धा गरज नाही." शेण बघून नाक मुरडणारी ही माणसं, भाजी कुठून येते याच्याशी त्यांचा संबंध तोंडापुरता. आणि भाऊजी त्यांच्यासमोर हात मागं बांधून, साहेबासारखे.

मी वहीतले रकाने भरतच राहिले. पैज संपली होती, पण सवय लागली होती. एप्रिल लागला. टाकी काळी, मांडवाच्या पश्चिमेच्या कोपऱ्यात, दुपारभर उन्हात. बसवताना सल्लागारांनी तीच जागा दाखवली होती. पाण्याचं तापमान रोज थोडं थोडं चढत होतं. मला नीट ठाऊक होतं याचा अर्थ काय. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी राहतो, मुळं गुदमरतात आणि बुरशीला आयतं रान मिळतं. नववीच्या पुस्तकातलं ज्ञान आहे हे. मी आकडा लिहायचे, वही मिटायचे आणि शाळेत जायचे.

मी सांगितलं नाही. का, तर मला कुणी विचारलं नव्हतं. मी स्वतःला हेच उत्तर देत होते. पण खरं कारण असं की ते हसले होते, गाय उठेल इतके हसले होते, आणि त्या हसण्याला आपणच निमित्त झालो याचा राग मी त्यांच्यावर काढत होते.

मग भाऊजींना शिरूरला एका शेतकरी मेळाव्यात बोलायला बोलावणं आलं. 'मातीविना यशस्वी शेती'. नवा शर्ट, गॉगल. सकाळी लवकर गेले. मला सुट्टी लागली होती. दुपारी जेवण आटोपून मी भांडी घासत होते, तर आबा दारात आले.

"बाई, त्या मांडवाकडं ये जरा."

"काय झालं?"

"माना टाकल्यात पोरांनी."

पोरं म्हणजे रोपं. मी गेले. दारातल्या परातीत पाय बुडवायचं आम्हाला दोघांनाही सुचलं नाही. पंप सुरू होता, वीज होती, पाणी वाहत होतं. आणि पाण्यावरच उभा असलेला सगळा पालक या टोकापासून त्या टोकापर्यंत सुकल्यासारखा लोंबत होता. मी एक वाटी उचलली. पांढरी असायला हवीत ती मुळं तपकिरी, बुळबुळीत. बोट लावलं की साल निघून येत होती. तुंबलेल्या गटारासारखा वास. टाकीत हात घातला, तर पाणी अंघोळीला काढल्यासारखं.

मला वाटलं, आबा आता हसतील. मी त्यांच्या हसण्याची जवळजवळ वाटच बघत होते. म्हणजे फिटंफाट झाली असती. आबांनी माझ्या हातातली वाटी घेतली, मुळं नाकाशी नेली.

"असाच वास येतो," ते म्हणाले.

"कशाचा?"

"खालच्या अंगाचा ऊस उपटला की. मुळी अशीच काळी, अशीच सालपटती." वाटी त्यांनी पुन्हा पाइपाच्या भोकात ठेवली. "ह्याचं पानी जास्त झालं. माझंबी तेच झालं म्हण की."

ज्या गोष्टीसाठी मी काचेच्या नळ्या घेऊन त्यांच्याशी वर्षभर भांडले होते, ती त्यांना लेकाच्या मेलेल्या रोपाच्या वासावरून एका क्षणात कळली. ते अगदी बरोबर कारण नव्हतं, पण पुष्कळसं बरोबर होतं. मुळांना हवा न मिळणं दोन्हीकडं होतं.

मी भाऊजींना फोन केला. ते आले तेव्हा गळ्यात मेळाव्यातली शाल तशीच होती, हातात नारळ. मांडवात शिरले आणि एका पाइपापासून दुसऱ्या पाइपाकडं चालत राहिले. सल्लागारांना फोन लावला. सल्लागार मीटिंगमध्ये होते. पुन्हा लावला. फोन बंद.

"झालं काय पण? अॅपवर सगळं हिरवं होतं." मग त्यांना माझी वही दिसली. टाकीशेजारच्या खिळ्याला मी ती अडकवून ठेवायचे. त्यांनी ती काढून पानं उलटली. मी पुढं होऊन ती घेऊ शकले नाही.

"वहिनी, हे पाण्याचं तापमान न्हवं?"

"हो."

"रोज वाढतंय."

"हो."

"तुम्हाला ठाऊक होतं, ह्यानं काय होतं?"

"ठाऊक होतं."

"कधीपासून?"

"पंधरा-वीस दिवस."

त्यांनी वही मिटून पुन्हा खिळ्याला अडकवली. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी म्हणाले, "तुम्ही कधी विचारलं नाही, भाऊजी." माझ्या कानांना ते वाक्य इतकं भिकार वाटलं की मी अर्ध्यातच थांबायला हवं होतं.

बोलले ते आबा. मोठ्यानं नाही. "बाई, आमच्या बापजाद्यांनी मेंढरं राखली. वाटंत दुसऱ्याच्या कळपात खुरीचा रोग दिसला, तर ज्याच्याशी बोलणं न्हाई, पाणवठ्यावरनं ज्याच्याशी डोकी फुटलीत, त्यालाबी जाऊन सांगायचं. मग भांडायचं. तू शिकलेली हायेस." एवढं बोलून, शेवटचं वाक्य तसंच टाकून ते बाहेर गेले.

इतकी वर्षं मी त्या घरातल्या प्रत्येकाला मनातल्या मनात मार्क देत आले होते. त्या दिवशी कळलं की मलाही कुणी तरी मोजत होतं.

पुढचे काही दिवस मांडवात जे झालं त्यात मी नव्हते. मला कुणी बोलावलं नाही. बापलेकांनी मिळून सगळी रोपं उपटून जाळली, पाइप औषधानं धुतले. टाकी उन्हात नको, हे आता त्यांना माझ्या वहीनंच सांगितलं होतं. पण ती ठेवायची कुठं, हे आबांनी सांगितलं. "जमिनीत पूर. दोन हातांखाली भुई गार असती." मांडवाला लागून त्यांनी स्वतः खड्डा खणला. मातीला घाण म्हणणारे भाऊजी त्या खड्ड्यात उतरून छातीइतक्या मातीत उभे राहून पाट्या भरून देत होते. खिडकीतून मला ते दिसत होतं. एरवी मी या दृश्यावर आठवडाभर मनातल्या मनात हसले असते. तेव्हा आलं नाही हसू.

टाकी पुरून झाल्यावर आबांनी तीच कुदळ घेऊन खालच्या अंगाला निचऱ्याचा चर खणायला घेतला. एकट्यानं होईना, तेव्हा जेसीबी बोलावला. पावसाच्या तोंडावर हिरवळीच्या खतासाठी ताग पेरून गाडला. दिवाळीनंतर ओळखीच्या मेंढपाळांना सांगून लेंडीखतासाठी रानात आठ दिवस मेंढ्या बसवल्या. मला त्यातलं काहीही विचारलं नाही, आणि मी सुचवलेलं जवळजवळ सगळंच केलं.

भाऊजी माझ्याशी बोलायचे ते कामापुरतं. "वहिनी, मीठ." "वहिनी, दादा आलेत." लोक बघायला येणं कमी झालं होतं. उरलेल्यांना ते आता खरं सांगायचे: पालेभाजी पाइपात भरपूर येते, पाणी थोडकं लागतं, पण एक चूक झाली की सगळं एकदमच जातं, माती चुका पोटात घालते, हळू मारते. हे वाक्य मी बोलले असते तर बरं वाटलं असतं, म्हणून मला त्याचाही थोडा राग आला.

हिवाळ्यात त्यांनी कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या, पिशव्यांत टोमॅटो लावले, आणि आबांनी खालच्या अंगाच्या कडेला, पांढरा थर थोडा हटला होता तिथं. पैज नव्हती. कुणी मोजलं नाही. पिशव्यांतली झाडं मांडवाच्या छतापर्यंत गेली, घोसांनी लगडली. आबांची झाडं गुडघ्याएवढी, फळं उशिरा, बारकी, काही तडकलेली. पण एका दुपारी आबांनी ओसरीवर चार फळं आणून ठेवली, आणि खाल्ल्यावर सगळे एकमेकांकडं बघायला लागले. इतकी गोड होती. पिशवीतला टोमॅटो त्याच्यापुढं खरंच निस्ता ओला लागला, आणि या वेळी डोळे मिटायचीही गरज नव्हती.

"बघा," आबा म्हणाले. "आईची चव."

मला कारण माहीत होतं. मातीत क्षार थोडे जास्त असले की झाडाला पाणी ओढायला जड जातं. फळ लहान राहतं, पण साखर दाट होते. म्हणजे आबांनी जे रान बिघडवलं होतं, त्याच्या उरलेल्या खारटपणाची ही गोडी होती. मी ते आत ठेवू शकले नाही. बोलले. या वेळी वर्गातल्या आवाजात न बोलायचा प्रयत्न केला. कितपत जमला, माहीत नाही.

आबांनी ऐकून घेतलं. "म्हंजी खार चांगला?"

"थोडा. जास्त झाला की झाडच मरतं."

"मग आईला थोडा राग असावा, जास्त नसावा," ते म्हणाले आणि दुसरा टोमॅटो उचलला. हे शास्त्र नव्हतं. मी ते सुधारलं नाही.

भाऊजी खांबाला टेकून उभे होते. कितीतरी महिन्यांनी ते माझ्याकडं बघून बोलले. "वहिनी, मग माझ्या पाण्यात खताचा जोर थोडा वाढवला, तर माझाबी गोड होईल?"

माझ्या मनात आधी तेच आलं जे नेहमी येतं: शिबिरात एवढंसुद्धा शिकवलं नाही का यांना? मग लक्षात आलं की प्रश्न चांगला होता, माझ्या नववीच्या वर्गात वर्षातून एखादाच असा निघतो.

"होईल," मी म्हणाले. "पण एकदम नको. आणि उत्पन्न थोडं घटेल, ते धरून चाला. फळ धरल्यावर वाढवा, आठवड्याला थोडं, आणि पानांच्या कडा जळताहेत का ते रोज बघा."

"रोज कोण बघणार?"

"मी बघीन," मी म्हणाले, "आणि दिसलं की त्याच दिवशी सांगीन."

 भाऊजी ताटलीतला उरलेला टोमॅटो उचलून, चावत चावत मांडवाकडं गेले.